बिनबॅटरीची गाडी

आमच्या गाडीची बॅटरी डिक्कीत आहे. सर्व्हिसिंगला गाडी टाकली की नवीन मेकॅनिक बोनेट उघडतो, आत बघतो, मग माझ्याकडे बघतो.

"साहेब, बॅटरी?"

"मागं आहे."

"मागं काहून?"

उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीनं बॅटरी लवकर जाते, म्हणून मागं घेतली, असं मी ठोकून देतो. नागपुरात उन्हाचं कारण कशालाही चालतं. कामावर उशिरा जा, लग्नाला जाऊ नका, भावाशी बोलणं टाका, ऊन म्हटलं की समोरचा मान डोलावतो. मेकॅनिकही डोलावतो. त्याला खरं कारण सांगायचं तर माझ्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल, आणि हाताला ग्रीस लागलेल्या माणसाला उभं करून ते सांगण्याची माझी तयारी नाही.

बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन होते. आमचं लहानपण तिथल्या कॉलनीत, खिडकीच्या कठड्यावरची राख पुसण्यात गेलं. त्याआधी आमचं घराणं उमरेडचं, विणकरांचं. आजोबा शेवटपर्यंत मागावर बसले. बाबांनी माग सोडला आणि तारा धरल्या. निवृत्तीनंतर सक्करदऱ्याला घर बांधलं, एक पांढरी लहान गाडी घेतली, आणि त्या गाडीला त्यांनी वीजकेंद्रातल्या मशीनसारखंच वागवलं. रोज सकाळी चहा झाला की बोनेट वर. पाणी, ऑइल, बेल्ट, आणि शेवटी बॅटरी. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी दिसली की कोमट पाण्यानं धुवायचे, कोरडं करून व्हॅसलीन लावायचे. "मशीन पाह्यल्याबिगर चालू करू नये," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा म्हटलं गेलं असेल. माझ्या लग्नाच्या दिवशी मी मुंडावळ्या बांधून मागच्या सीटवर उन्हात शिजत होतो, वरातीतले लोक खोळंबले होते, आणि नवरदेवाचा बाप बोनेटमध्ये डोकं घालून ऑइलची पट्टी पुसत होता. मी ओरडलो तेव्हा त्यांनी डोकं बाहेर काढलं नाही. "मुहूर्त थांबते गा," एवढंच म्हणाले.

मला त्यांचं काही आलं नाही. एकदा लहानपणी त्यांनी मला वीजकेंद्राच्या जीपच्या दिव्यामागची तार दाखवली होती. घरातल्या दिव्याला दोन तारा असतात, इथं एकच, मग दुसरी कुठं गेली, असं विचारलं. मी इकडंतिकडं बघत बसलो. त्यांनी पत्र्यावर टिचकी मारली. "बॉडी. गाडीची बॉडीच दुसरी वायर आहे. करंट वायरीतून जाते आन् बॉडीतून घरी येते." मला ते पटलं नव्हतं, पण पाठ झालं.

पुढं त्यांचं डोकं जायला लागलं. हे मी जाणूनबुजून असं रोखठोक लिहितो आहे, कारण तेव्हा नातेवाईकांनी फार गोडगोड शब्द वापरले आणि मला त्यांचा वीट आला. वय झालं, थोडा विसरभोळेपणा, होतं असं. होतं कसलं? जो माणूस डोळे मिटून स्विचबोर्ड उघडायचा तो स्वतःच्या घरात संडासाचं दार शोधत होता. पण गंमत अशी, म्हणजे गंमत नाहीच ती, की वीज त्यांच्या डोक्यात शाबूत राहिली. नातवंडांची नावं गेली, बहिणीचा मृत्यू विसरले, जेवण झालंय की नाही ते कळेना. पण पंखा घरघरला तर कंडेन्सर गेला हे ते खुर्चीत बसल्या बसल्या सांगत, आणि ते खरं निघे.

गाडीही ते चालवत राहिले. हात-पायांना सगळं येत होतं. कुठं जायचं आणि कशाला, तेवढंच येत नव्हतं.

एका सकाळी ते कोराडीला ड्युटीवर गेले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर. सगळं शहर पार करून, कोळशाच्या ट्रकांमधून गाडी काढत, ते गेटवर पोहोचले आणि मला आत का सोडत नाही म्हणून वॉचमनशी भांडले. तिथल्या एका जुन्या ओळखीच्या माणसानं फोन केला म्हणून आम्हाला कळलं. मी त्यांना आणायला गेलो तेव्हा ते माझ्यावरच चिडले, फर्स्ट शिफ्ट बुडवली म्हणून.

तेही आम्ही पचवलं असतं. मग सक्करदरा तलावाच्या रस्त्यावर शाळेत जाणाऱ्या एका मुलीची सायकल त्यांच्या बंपरखाली आली. मुलगी उडी मारून बाजूला झाली होती. मी धावत गेलो तेव्हा ती एका पायात बूट नसलेली, दप्तर छातीशी धरून उभी होती, रडत नव्हती, नुसती गाडीकडे बघत होती. सायकलीचं चाक पिळलेल्या कपड्यासारखं झालं होतं. बाबा स्टिअरिंग धरून बसलेले, आणि त्यांना राग आला होता की रस्त्यात सायकल कुणी टाकली.

त्या दिवशी मी ठरवलं की हे आता चालणार नाही. पुढच्या वेळी मुलगी उडी मारेलच असं नाही.

सांगायला सोपं होतं. किल्ली लपवली, तर त्यांनी स्टिअरिंगखालच्या तारा जोडून गाडी चालू केली. बॅटरीच्या तारा काढून ठेवल्या, तर त्यांनी त्या बसवल्या, वर आम्हाला सुनावलं की तारा सैल कोण ठेवतो. बॅटरीच काढून माळ्यावर टाकली, तर ते सरळ चौकातल्या दुकानातून नवी घेऊन ई-रिक्षातून आले. दुकानदार त्यांना ओळखणारा, त्याला काय माहीत. मग मी गाडीच मित्राच्या घरी नेऊन लावली. ते सगळ्यांत वाईट झालं. दारात गाडी नाही बघून ते अनवाणी तिला शोधायला निघाले, आणि भर उन्हात आम्ही त्यांना शोधत फिरलो. सापडले तेव्हा तळपायांना फोड आले होते.

म्हणजे गाडी दारात दिसायला हवी. त्यांना दवाखान्यात न्यायला आणि आईच्या गुडघ्यांसाठी ती चालायलाही हवी. आणि त्यांच्या हातून ती सुरू होता कामा नये. मी वैतागून हे गाऱ्हाणं जरीपटक्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनसमोर ओकलो. हा माणूस पोरांच्या गाड्यांत मोठमोठे साउंड बसवून द्यायचा. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"अंकल गाड़ी चालू करने से पहले क्या करते हैं?"

मी म्हटलं, बोनेट उघडतात. बोनेट उघडल्याशिवाय त्या माणसानं जन्मात गाडी सुरू केलेली नाही.

"तो बैटरी डिक्की में डाल देते हैं, भैया. अंकल बोनेट खोलेंगे, बैटरी नहीं दिखेगी, बात ख़तम. आप आराम से चलाओ."

मला ते लगेच पटलं. खरं तर मी हसलोच. त्यानं संध्याकाळपर्यंत काम केलं. सीलबंद बॅटरी आणली, कारण साध्या बॅटरीचा गॅस गाडीत पसरतो. डिक्कीच्या तळाला लोखंडी चौकट ठोकून पट्ट्यानं ती घट्ट बांधली. जवळच एक मोठा फ्यूज लावला आणि अंगठ्याएवढी जाड तार सतरंजीखालून पुढं इंजिनापर्यंत नेली. दुसरी छोटी तार डिक्कीच्या पत्र्याचा रंग खरवडून तिथंच बोल्टनं आवळली. वर जुनी चादर टाकली. पुढं बोनेटखाली बॅटरीचा रिकामा ट्रे तेवढा राहिला. बाबांना बाबांच्याच शिस्तीत पकडायचं, असा तो बेत होता, आणि तो बेत मी केला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. ती मुलगी आजही मला तलावाच्या रस्त्यानं जाताना दिसते, आता कॉलेजात जाते, आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

दुसऱ्या सकाळी बाबांनी बोनेट उघडलं. मी खिडकीत उभा होतो. पाणी पाहिलं, ऑइल पाहिलं, बेल्ट दाबून पाहिला, आणि त्यांचा हात त्या रिकाम्या ट्रेवर येऊन थांबला.

"बॅटरी नेली गा कोनं तरी," ते आत येऊन म्हणाले.

आई पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, "अरे बापरे. बघतो मी बाबा, आज दुसरी आणतो."

"आन बापा. मले ड्युटीले जायचं आहे."

एवढं बोलून ते खुर्चीत बसले. दुपारपर्यंत विसरले. आणि तिसऱ्या सकाळी बोनेट उघडून पुन्हा तसेच आत आले, तोच चेहरा घेऊन. "बॅटरी नेली गा."

हे मी धरलं नव्हतं. मला वाटलं होतं, एकदा चोरी होईल आणि प्रकरण मिटेल. पण ज्याला काल आठवत नाही त्याच्या घरी रोज नवी चोरी होते. रोज सकाळी तोच धक्का, तीच हळहळ, तोच संताप. चौकातल्या दुकानदाराला मी सांगून ठेवलं होतं, तो म्हणायचा, माल उद्या येणार आहे काका. उद्या हा शब्द त्यांना चालायचा. मग ते चोराचा विचार करत. इस्त्रीवाल्यावर संशय घेत, समोरच्या भाडेकरूवर घेत. पुढं पुढं त्यांनी अंगणात खुर्ची टाकली आणि गाडीकडे तोंड करून राखण करत बसू लागले. चोरीला गेलेल्या बॅटरीची राखण. लोक म्हणायचे, बरं झालं, काका आता शांत बसतात. मी पण म्हणायचो. बेत यशस्वी झाला होता आणि तो बघवत नव्हता.

दवाखान्याच्या दिवशी मी आधी गाडी काढून गल्लीच्या तोंडाशी लावायचो आणि मग त्यांना तिथपर्यंत चालवत न्यायचो, म्हणजे गाडी आपली आहे हे त्यांना पटकन उमगू नये. एकदा पाय दुखतो म्हणून ते चालेचनात. दारातूनच बसवावं लागलं. मागं आई. मी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. सकाळीच बोनेट बघून झालं होतं त्यांचं, आणि त्या दिवशी नेमकं ते लक्षात राहिलं होतं.

"बॅटरी नाही नं हिच्यात," ते म्हणाले.

मी रेडिओ लावला.

"बॅटरी नाही, मंग चालून कशी राह्यली?"

"चालते बाबा."

सगळ्या रस्त्याभर त्यांनी एक तळवा समोरच्या डॅशबोर्डवर टेकवून ठेवला होता, इंजिनाची थरथर तपासत असल्यासारखा. आरशात मला आई दिसत होती. ती खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टर तरुण आणि चांगले होते. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. वार कोणता, ऋतू कोणता. मग विचारलं, "काका, कधी भास होतात का? नसलेल्या गोष्टी दिसतात, असं?"

बाबा खाली बघून, एखादी लाजिरवाणी गोष्ट कबूल करावी तसं म्हणाले, "हो. बिनबॅटरीची गाडी चालताना दिसते. आताच तिच्यात बसून आलो मी." आणि कपाळावर बोट ठेवून, "इथं गडबड झाली आहे, साहेब. लाइन कुठं तरी शॉर्ट आहे."

त्या माणसाच्या डोक्यात जी एक गोष्ट धडधाकट उरली होती, बॅटरीशिवाय गाडी चालत नाही ही, तीच त्यानं वेडात जमा केली. आमच्यामुळं. मी त्यांना आईजवळ बाहेर बसवलं आणि परत आत जाऊन डॉक्टरांना खरं ते सांगितलं, नाहीतर त्यांनी भासावरची गोळी लिहिली असती. डॉक्टर हसले. "आयडिया भारी आहे तुमची," म्हणाले. मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फेकून मारावासा वाटला. बाहेर बाकावर आई आणि बाबा शेजारी शेजारी बसले होते. बाबा तिला समजावत होते, "घाबरू नको वं. माह्यंच डोकं फिरलं आहे."

घरी आल्यावर आई माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. मग एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यायले सांगून टाकू."

"सांगून काय होईल? संध्याकाळी विसरतील आणि दुसऱ्या दिवशी डिक्की उघडून गाडी काढतील."

"पन तेवढा वेळ तं कळन नं, का डोकं बरोबर होतं."

मी तिच्यावर खेकसलो. त्या मुलीची सायकल आठवत नाही का, असं बोललो. ती गप्प बसली. आई गप्प बसली की मला वाटायचं मी जिंकलो. इतकी वर्षं तिच्याबरोबर राहून मला एवढंही कळलं नव्हतं.

मग दसरा आला. आमच्या घरात दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. आजोबा मागाची करायचे, धोटा आणि फणी धुऊन पुसून मांडायचे, मागाला झेंडूचा हार घालायचे. बाबांनी माग सोडला पण पूजा सोडली नाही. पाने, पक्कड, टेस्टर पाटावर मांडायचे, आणि त्यानंतर गाडीची पूजा. लोक बोनेटवर स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. बाबा ते सगळं करून मग बोनेट उघडायचे आणि बॅटरीला हळद-कुंकू लावायचे. म्हणायचे, जीव इथं आहे हिचा, वरवर कुंकू लावून काय होते?

दसऱ्याचं मला सुचलंच नाही. बारा महिन्यांचा विचार करून मी बेत रचला होता आणि सण विसरलो होतो.

बाबा आंघोळ करून, पांढरी टोपी घालून, ताट घेऊन बाहेर आले. ताट हातात आलं की त्यांना सगळं आठवायचं. बोनेटवर स्वस्तिक काढलं, अगदी सरळ रेघांचं. हार घातला. मग बोनेट उघडलं. मी पुढं झालो, म्हटलं, बाबा राहू द्या, आत धूळ आहे. त्यांनी ऐकलं नाही. रिकाम्या ट्रेकडे बघत ते उभे राहिले. या वेळी नेली म्हणाले नाहीत. बोट कुंकवात बुडवलं आणि त्या रिकाम्या ट्रेला, गंजलेल्या पत्र्याला, हळद-कुंकू लावलं. वर फूल ठेवलं. फूल उताराला लागून खाली इंजिनात पडलं. त्यांनी दुसरं ठेवलं.

"अवो," आई पायरीवरून म्हणाली, "मागं या जरासं."

मी "आई!" म्हणून ओरडलो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी ती उतरून आली, बाबांच्या हातातलं ताट घेतलं, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना गाडीच्या मागं नेलं. डिक्की उघडली, चादर बाजूला केली.

बॅटरीवर आधीच कुंकू होतं. दोन बोटांचं, ओलं हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. आम्ही सगळे उठायच्या आत तिनं येऊन पूजा केली होती. डिक्कीची किल्ली माझ्या शर्टाच्या खिशातून तिनंच काढली होती.

बाबा किती तरी वेळ बघत राहिले. आधी कुंकवाकडे, मग आईच्या बोटांकडे, बोटं अजून लाल होती. मग ते वाकले आणि त्यांनी ती जाड तार चिमटीत धरली. तुटलेलं सूत आजोबा जसे बोटांनीच हुडकत जायचे तसे ते तारेवरून हात फिरवत डिक्कीतून सीटखाली, सतरंजी उचलून दाराशी, आणि तिथून पुढं बोनेटपर्यंत गेले. परत आले. पत्र्यात आवळलेल्या बोल्टला हात लावला.

"अर्थिंग बॉडीले दिलं," ते म्हणाले. "बरोबर आहे." आणि आईकडे वळून, "मंग मी बरोबर होतो नं वं? बिनबॅटरीची नव्हती चालत?"

"नव्हती," आई म्हणाली. "तुम्ही बरोबर होते."

बाबा हसले. त्यांच्या आजारपणातलं ते शेवटचं खरं हसू असावं. मग त्यांनी विचारलं, "काहून लपवली?"

आईनं सांगितलं. एकही शब्द मऊ न करता सांगितलं. तुम्ही गाडी काढता, तुम्हाला रस्ता आठवत नाही, तलावाजवळ एका पोरीची सायकल तुमच्या गाडीखाली गेली.

"पोरगी?"

"वाचली."

ते डिक्कीच्या कडेवर टेकले. डोळे स्वच्छ होते. ते डोळे मी दोन वर्षांत पाहिले नव्हते आणि नंतरही पुन्हा पाहिले नाहीत. मग मला म्हणाले, "दहाचा पाना आन." पूजेच्या पाटावरचाच पाना, कुंकू लावलेला, मी आणून दिला. त्यांनी फ्यूजचे दोन्ही नट सोडवले, फ्यूज काढला, धोतराला पुसला आणि आईच्या हातावर ठेवला. माझ्या नाही. आईच्या.

"हा तुह्यापाशी ठेव. मी मागीन. शिव्या देईन. हात उगारीन. तरी देजो नको मले."

"नाही देनार," आई म्हणाली, आणि तिनं तो पदराच्या टोकाला बांधला.

नंतर बाबांनी आम्हा दोघांना सोनं दिलं, आम्ही पाया पडलो. दुपारी पुरणपोळी जेवून ते झोपले आणि उठले तेव्हा यातलं काहीही त्यांच्याजवळ नव्हतं.

पण सगळंच पुसलं गेलं नव्हतं. गेलं असतं तर बरं झालं असतं. गाडी ते विसरले, बोनेट उघडणं हळूहळू सुटलं, बॅटरी हा शब्दही गेला. एवढंच कुठं तरी राहून गेलं की आपलं काहीतरी या बाईजवळ आहे आणि ती देत नाही. "माह्यं दे," ते आईला म्हणायचे. काय दे, ते सांगता यायचं नाही. "माह्यं घेतलं तिनं. माह्यं दे म्हन तिले." आधी विनवणी, मग आरडाओरडा. मग एक दिवस ते तिला चोट्टी म्हणाले. पन्नास वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला. पुढं तिचं नाव गेलं, नातं गेलं, आणि चोट्टी हीच तिची ओळख उरली. आलेल्यागेलेल्याला ते हळूच सांगत, त्या बाईवर लक्ष ठेवा, चोट्टी आहे ती.

मग त्यांनी तिच्या हातचं जेवण बंद केलं. ती ताट घेऊन आली की ते तोंड फिरवत, ताट उडवून देत. माझ्या हातचं खायचे, माझ्या बायकोच्या हातचं खायचे, कामाला येणाऱ्या बाईच्या हातचंसुद्धा. आई स्वयंपाक करायची, त्यांना आवडतं म्हणून वांग्याच्या भाजीत जवसाचा कूट घालायची, आणि मी ताट घेऊन गेलो की स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ते खाताहेत का ते ऐकायची. समोर यायची नाही. समोर आली की घास थांबायचा.

मला हे सहन होईना. मी तर केव्हाच नवा फ्यूज आणला होता. तो माझ्या बॅगेत असायचा, गाडी काढायची तेव्हा बसवायचो. तिच्या पदरातल्या फ्यूजचा कुणाला काही उपयोग नव्हता. मी तिला म्हटलं, देऊन टाक. दे त्यांच्या हातात, शांत होतील, तुझ्या हातचं खातील. त्यांना आता गाडी कशाशी खातात तेही माहीत नाही.

"त्यायनं नाही देजो म्हटलं आहे."

"आई, ते त्यांना आठवत तरी आहे का?"

"मले आठवते."

"ज्यानं सांगितलं तो माणूस गेला आई! हा वेगळा आहे. हा उपाशी तोंड फिरवतो तुझ्याकडे बघून."

तिच्या रागाची मला सवय नव्हती. "त्या दिवशी शुद्धीत होते ते," ती म्हणाली. "शुद्धीतल्या मानसाचं ऐकन मी. बाकीचं मी भोगते. तू नको बोलू मधात."

मी तणतणत बाहेर गेलो. तिचा हट्ट मला तेव्हा मूर्खपणा वाटला. आजही अधूनमधून वाटतो. पण त्या घरात त्यांना शेवटपर्यंत शहाणा माणूस म्हणून वागवणारं ती सोडून कुणी नव्हतं, हेही मला दिसतं.

पुढच्या वर्षीच्या थंडीत बाबा गेले. सकाळी, छातीत कफ भरून. आई शेवटच्या घटकेलाही दाराआडच होती. मीच तिला हाक मारली, आता ये, आता त्यांना दिसत नाही.

पुढच्या खोलीत त्यांना खाली घेतलं. शेजारपाजारचे आले, नातेवाईक आले. एक दूरचे काका फोनवर कुणाला तरी सांगत होते, "बॉडी बाराले काढनार." तो शब्द ऐकून मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते फोन घेऊन अंगणात गेले. टिचकी मारून तो शब्द मला ज्यानं शिकवला होता तो इथं चादरीवर पडला होता, आणि त्यातून आता काही घरी येणार नव्हतं.

बायकांनी आईला आणून त्यांच्याजवळ बसवलं. कितीतरी महिन्यांनी ती त्यांच्या इतक्या जवळ बसली होती. तिनं त्यांचा चेहरा नीट पाहून घेतला. मग पदराचं टोक पुढं ओढलं आणि गाठ सोडायला लागली. साडी बदलली की ती फ्यूज पुन्हा करकचून बांधायची, त्यामुळं गाठ सुटेना. शेवटी तिनं दातांनी सोडवली. फ्यूज काळपट पडला होता.

"काय आहे वं ते?" कुणीतरी विचारलं. दुसरं कुणी म्हणालं, बाई, धातूचं काही संगं ठेवत नाहीत. मी म्हटलं, "राहू द्या." जरा मोठ्यानंच म्हटलं असणार, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बाबांची बोटं ताठ व्हायला लागली होती. आईनं त्यांच्या तळव्यावर फ्यूज ठेवला आणि एकेक बोट वाकवत मूठ मिटवली. मिटलेली मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचंच होतं. मी चोरलं नव्हतं."